टेस्ट पास झाली, तरी गोळी सुटली! ‘आमचा माल सेफ आहे’ म्हणण्याआधी हे वाचा



समजा, तुमचं प्रॉडक्ट मार्केटमध्ये मस्त चाललंय. टेस्टचं सर्टिफिकेट तुम्ही ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय. आणि एक दिवस फोन वाजतो, “अहो, तुमच्या मशीनमुळे माझ्या हाताला लागलं.”

तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल? खरं सांगा. बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, “तुम्ही नीट वापरलं नसेल.”

आज मी तुम्हाला दाखवणार आहे की हे एक वाक्य किती महागात पडू शकतं. उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलंय, पिस्तुलाचं. आपण कोणी पिस्तूल बनवणार नाही, हे मला माहीत आहे. पण पिस्तुलाच्या धंद्यात चूक झाली की माणूस जखमी होतो. त्यामुळे उत्पादकाची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे तिथे लख्ख दिसतं.

सर्वात मोठी ऑर्डर मिळाली, तेच वर्ष

अमेरिकेत सिग सॉअर नावाची पिस्तूल बनवणारी मोठी कंपनी आहे. २०१४ मध्ये तिने पी३२० नावाचं पिस्तूल बाजारात आणलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकन लष्कराने याच पिस्तुलावर आधारलेलं मॉडेल निवडलं. कंत्राट होतं ५८ कोटी डॉलरपर्यंतचं! विचार करा, कोणत्याही उत्पादकासाठी यापेक्षा मोठी जाहिरात काय असेल?

पण त्याच जानेवारीत कनेक्टिकट राज्यातल्या एका पोलीस अधिकाऱ्याचं पी३२० जमिनीवर पडलं. पिस्तूल कव्हरमध्ये होतं. चापाला, म्हणजे ट्रिगरला, कोणाचं बोट लागलेलं नव्हतं. तरी गोळी सुटली आणि त्याच्या पायाला लागली, असं त्याने कोर्टात केलेल्या दाव्यात म्हटलं. हा दावा २०१७ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आला. त्याच सुमारास डॅलस शहराच्या पोलीस खात्याने हे पिस्तूल वापरणं थांबवलं.

कंपनीचं पहिलं उत्तर काय होतं? आमचं पिस्तूल अमेरिकेतल्या सगळ्या सुरक्षा मानकांमध्ये बसतं. आणि गंमत अशी की हे उत्तर खोटं नव्हतं. पिस्तूल टेस्ट पास झालेलंच होतं!

मग गडबड कुठे होती?

हे नीट समजून घ्या, कारण आजचा सगळा धडा इथे आहे.

अमेरिकेत बंदूक उत्पादकांच्या संघटनेने पिस्तूल पाडून बघायची एक टेस्ट ठरवलेली आहे. काँक्रीटवर इंचभर जाडीची रबरी मॅट ठेवायची आणि ४ फुटांवरून पिस्तूल ठरावीक स्थितींत तिच्यावर पाडायचं. कधी नळी खाली, कधी मूठ खाली, कधी डाव्या अंगावर, कधी उजव्या. गोळी सुटली नाही की पास.

आता आपल्या एसटीचा प्रवास आठवा. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते, पण उभा असलेला माणूस पुढे ढकलला जातो. पी३२० मध्ये तेच होत होतं. पिस्तूल मागच्या बाजूवर, जरा तिरक्या कोनात पडलं की पिस्तूल जमिनीला टेकून थांबायचं, पण आतला चाप स्वतःच्या वजनाने मागे जात राहायचा. म्हणजे बोटाने ओढल्यावर तो ज्या दिशेला जातो, त्याच दिशेला! बोट न लावता चाप ओढला गेला. मग गोळी सुटणारच.

नेब्रास्का राज्यातल्या एका बंदूक विक्रेत्याने हे सरळ व्हिडिओ करून दाखवलं. त्याच्याकडे मोठी लॅब नव्हती. पुस्तकात नसलेल्या कोनात त्याने पिस्तूल पाडलं, बस्स. व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला.

माणसाच्या हातून वस्तू पडते तेव्हा ती टेस्टचा कोन बघून पडत नाही. टेस्ट म्हणजे कस्टमर नव्हे. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

कंपनीने काय केलं?

८ ऑगस्ट २०१७ ला कंपनीने जाहीर केलं की आम्ही ‘ऐच्छिक अपग्रेड’ देतोय. पिस्तूल पाठवा, आम्ही हलका चाप आणि आतले काही भाग फुकट बदलून देतो. कंपनीची भूमिका अशी होती की मानकांच्या पलीकडच्या परिस्थितीत पडलं तर क्वचित गोळी सुटू शकते.

फुकट दुरुस्ती दिली, हे चांगलंच केलं. पण दोन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट शब्दाची. कंपनीने ‘रिकॉल’, म्हणजे माल परत मागवणं, हा शब्द टाळला. ‘अपग्रेड’ ऐकल्यावर साधा माणूस काय समजतो? काहीतरी जास्तीची सोय मिळतेय, सवडीने करू. ‘तुमच्या हातातली वस्तू पडली तर जीवावर बेतू शकतं’ हा निरोप त्या शब्दातून पोचतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. लष्कराच्या मॉडेलला हे अपग्रेड लागू नाही, असं कंपनीने सांगितलं. का? कारण त्यात सुधारणा आधीच झालेली होती. पुढे जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याचा चाचणी अहवाल आला. लष्कराच्या चाचणीत पिस्तूल पाडल्यावर बार उडाला होता आणि त्यावर उपाय म्हणून कंपनीने चापाच्या यंत्रणेत हलके भाग बसवले होते, असं त्यात नोंदवलेलं आहे.

म्हणजे मोठ्या कस्टमरसाठी उपाय तयार झाला. दुकानातून एक पिस्तूल घेणाऱ्या साध्या कस्टमरपर्यंत तो पोचला कधी? व्हिडिओ पसरल्यावर.

पुढची वर्षं कोर्टात गेली. पिस्तूल पडलेलंही नसताना गोळी सुटल्याच्या तक्रारी आल्या. २०२४ च्या जूनमध्ये जॉर्जियातल्या आणि नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियातल्या ज्युरीने कंपनीच्या विरोधात निकाल दिला. पिस्तूल सुरक्षितच आहे, ही कंपनीची भूमिका मात्र कायम आहे. कोण बरोबर, कोण चूक, यात आपण पडायचं नाही. पण एक हिशोब मांडा. ब्रँडचं नाव घेतल्यावर लोकांना आधी वाद आठवत असेल, तर त्याची किंमत किती?

आता दुसरी बाजू बघा

अमेरिकेतच रूगर नावाची दुसरी जुनी कंपनी आहे. तिची १९५० च्या दशकापासूनची रिव्हॉल्व्हर फार खपली. पण त्यांच्यात एक धोका होता. घोडा ज्या काडतुसावर टेकलेला असायचा, त्यावर बाहेरून दणका बसला, म्हणजे रिव्हॉल्व्हर घोड्यावर पडलं, की गोळी सुटू शकायची. म्हणून जाणकार माणसं सहापैकी पाचच घरं भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची.

१९७३ मध्ये रूगरने नवीन डिझाइन आणलं. त्यात एक छोटी पट्टी आहे. चाप ओढून धरला असेल तेव्हाच ती वर येते आणि घोड्याचा दणका पुढे पोचवते. चाप ओढलेला नसेल तर दणका पोचतच नाही.

नवीन माल सुरक्षित झाला. पण जुना? तो तर लोकांच्या कपाटात तसाच पडून होता. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्येही अशी पट्टी फुकट बसवून देण्याची योजना कंपनीने आणली १९८२ मध्ये. मधली नऊ वर्षं ही तिची चूकच म्हणावी लागेल. पण त्यापुढचं शिकण्यासारखं आहे. ती योजना पुढे कित्येक दशकं चालू राहिली. वस्तू कितव्या मालकाकडे आहे, याला महत्त्व नाही. आणि जुन्या वस्तूचे शौकीन मूळ भाग जपतात, म्हणून काढलेले भागही मालकाला परत दिले जातात. माणूस कोणत्या कारणाने दुरुस्ती टाळेल, याचासुद्धा विचार केलाय!

सरकारने सांगितलं नाही म्हणून?

अमेरिकेत १९७२ च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने एक आयोग नेमला. टोस्टर, खेळणी, पाळणे धोकादायक निघाले तर तो कारवाई करू शकतो. पण बंदुका त्या कायद्यातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे सदोष पिस्तूल परत मागवायचं की नाही, हे मुख्यतः कंपनीच्या मनावर असतं.

आपल्याकडे तशी मोकळीक नाही, हे नीट लक्षात घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’वर स्वतंत्र प्रकरण आहे आणि २०२० पासून ते लागू झालंय. बनवण्यात दोष असेल, डिझाइनमध्ये दोष असेल किंवा पुरेशी सूचना आणि इशारा दिलेला नसेल, तर वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. धोकादायक माल परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. तुमचं युनिट शेडमध्ये आहे की एमआयडीसीत, याने फरक पडत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

१. स्वतःची ‘वेडी टेस्ट’ करा. घरघंटी बनवत असाल तर झाकण उघडं असताना ती सुरू होते का? ओल्या हाताने स्विच लावला तर? शिडी बनवत असाल तर उतरत्या जमिनीवर उभी करून बघा. कस्टमर जे करायला नको तेच करेल, असं धरून चला.

२. बॅच नंबर टाका आणि बिलाची नोंद ठेवा. उद्या ५० नग परत मागवायचे झाले तर ते कोणाकडे आहेत हे कळायला नको का?

३. पहिल्या तक्रारीला वाद घालू नका. तारीख, नग, काय झालं, फोटो, सगळं लिहून घ्या. “तुम्हाला जास्त लागलं नाही ना?” हे पहिलं वाक्य. वस्तू परत आणून स्वतः उघडून बघा.

४. मोठ्या पार्टीसाठी केलेली दुरुस्ती सगळ्यांना द्या. होलसेलवाल्याने आरडाओरडा केला म्हणून त्याचे नग बदलले, तर एक नग घेणाऱ्या ताईंचाही नग बदला.

५. शब्द लपवू नका. धोका असेल तर साध्या मराठीत ‘धोका’ लिहा. ‘वापर थांबवा, आम्ही फुकट बदलून देतो’ एवढं वाक्य पुरे.

६. दुरुस्तीचे पैसे आधीच किमतीत धरा. प्रत्येक नगामागे थोडी रक्कम बाजूला ठेवा. प्रसंग आला की तोच पैसा तुम्हाला खरं बोलायची हिंमत देतो.

मित्रांनो, विक्री झाली की पैसे गल्ल्यात येतात, पण वस्तू कस्टमरच्या घरात राहते. तिथे ती पडते, आपटते, लहान मुलांच्या हातात जाते. तिथपर्यंतची जबाबदारी तुमची. ज्याला हे पटलं, त्याचं नाव टिकलं.

आज एक काम कराच. तुमचं प्रॉडक्ट हातात घ्या आणि सगळ्यात वाईट पद्धतीने वापरून बघा. काय सापडलं ते कागदावर लिहा. काही सापडलं तर घाबरू नका, आनंद माना, कारण ते कस्टमरच्या आधी तुम्हाला सापडलंय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा वाढवा, आणि विश्वासही!