नत्राची परतवाट : लेखांक ४
पडद्यापलीकडचा अमोनिया

गेल्या आठवड्यात आपण हेबर-बॉश पद्धत पाहिली. प्रचंड दाब आणि चारशे अंशांच्या वरचं तापमान वापरून हवेतला नत्र खतासाठी बांधला जातो. हे खत मक्याला जातं, मका डुकरांना, आणि डुकरांच्या पोटातून त्यातला मोठा वाटा मलमूत्रात उतरतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, विशेषतः डुप्लिन आणि सॅम्पसन या परगण्यांत, हे मलमूत्र उघड्या तळ्यांत साठवतात. तिथून अमोनिया हवेत जातो. शेजाऱ्यांच्या घरात दुर्गंधी येते, हवेत सूक्ष्म कण तयार होतात आणि पावसाबरोबर उतरलेला नत्र खाड्यांमध्ये शेवाळ माजवतो. इतकी ऊर्जा ओतून मिळवलेली वस्तू अशी विष होऊन परतावी, हे मला अस्वस्थ करतं.

त्याच अमोनियाला अडवण्याची एक पद्धत शेजारच्या साउथ कॅरोलायनात, फ्लॉरेन्सच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात मातियास व्हानोटी आणि एरियल सोगी यांनी विकसित केली. पावसाळी जॅकेटांत वापरतात त्या जातीच्या, ताणलेल्या टेफ्लॉनच्या सच्छिद्र नळ्या ते मलमूत्राच्या टाकीत बुडवून ठेवतात. नळीच्या भिंतीला पाणी चिकटत नाही. त्यामुळे पाणी, क्षार आणि गाळ बाहेरच राहतात; वायू मात्र छिद्रांतून आत शिरतो. आत सौम्य गंधकाम्ल फिरत असतं. आलेला अमोनिया तत्क्षणी अमोनियम सल्फेट होतो, आतल्या बाजूला मोकळा अमोनिया साठतच नाही, म्हणून बाहेरचा सतत आत येत राहतो. त्यासाठी टाकीवर दाब द्यावा लागत नाही.

खरी अडचण सामूची आहे. २५ अंश तापमानाला आणि ७.५ सामूला द्रवातल्या अमोनियापैकी जेमतेम पावणेदोन टक्के वायुरूपात असतो. बाकीचा अमोनियम आयन, आणि आयनाला हा पडदा ओलांडता येत नाही. सामू ८.५ झाला की वायूचा वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो, ९.२५ ला निम्मा. शिवाय प्रत्येक निसटणारा अमोनिया मागे आम्लता सोडून जातो. सामू उतरतो आणि काम मंदावतं. कॉस्टिक सोडा घालता येतो, पण तो महाग.

इथे या संशोधकांनी जे केलं ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. त्यांनी द्रवात हळूहळू हवा सोडली. मलमूत्रात बायकार्बोनेट मुबलक असतं. हवेबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून गेला की सामू साधारण एका अंकाने आपोआप चढतो. मात्र हवा मिळाली की नायट्रेट बनवणारे जिवाणू जागे होतात. ते अमोनिया खातात आणि आम्लही सोडतात, म्हणून त्यांना रोखणारं द्रव्य थोडंसं घालावं लागतं. अशा प्रयोगांत ९० टक्क्यांहून अधिक अमोनिया परत मिळाला.

खर्च उरतोच. एक किलो नत्र पकडायला साडेतीन किलो गंधकाम्ल लागतं, आणि ते गोठ्याजवळ सांभाळणं जोखमीचं आहे. मिळणारं खत द्रवरूप असल्याने लांब वाहून नेणं परवडत नाही. पण त्यात नत्राबरोबर गंधकही असतं. आपल्याकडे कांदा आणि सोयाबीन पिकवणाऱ्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

बायोगॅसच्या टाकीत तर दुहेरी लाभ आहे, कारण अमोनिया फार वाढला की मिथेन बनवणारे जिवाणूच मंदावतात. आणि नत्र निघून गेल्यावरही द्रवात स्फुरद उरतं. ते कसं खाली बसवतात, हे पुढच्या आठवड्यात.