आणखी किती डाव?

१७ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेडला गुलाबी चेंडूची कसोटी सुरू झाली. भारताची फलंदाजी होती. मिचेल स्टार्कच्या दुसऱ्याच चेंडूनं पृथ्वी शॉच्या बॅटची आतली कड घेतली आणि स्टंप उडवले. समालोचन करणारा रिकी पॉन्टिंग दिल्ली कॅपिटल्सचा प्रशिक्षक म्हणून या मुलाला जवळून ओळखत होता. चेंडू पडायच्या काही क्षण आधीच त्यानं सांगून टाकलं होतं, की आत येणाऱ्या चेंडूवर याच्या बॅट-पॅडमध्ये मोठी फट राहते आणि ऑस्ट्रेलिया तिथेच मारा करणार. दुसऱ्या डावात पॅट कमिन्सनं तीच फट गाठली. धावा ० आणि ४. पुढे भारताचा डाव ३६ धावांत आटोपला आणि मेलबर्नच्या कसोटीत पृथ्वीच्या जागी शुभमन गिल आला. पाच कसोट्या, ३३९ धावा, सरासरी ४२च्या वर आणि पदार्पणात शतक, एवढ्यावर पृथ्वीचं कसोटीचं खातं आजही थांबलेलं आहे. तेव्हा त्याचं वय होतं २१.

दोष साधा होता आणि सगळ्यांना दिसत होता. पृथ्वीची बॅट मागे जाताना यष्टिरक्षकाकडे सरळ जात नाही, गलीच्या दिशेनं उघडते. खाली येताना तिला वळसा पडतो. त्यात पुढचा पाय चेंडूच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. चेंडू सरळ येतो तेव्हा हात आणि नजर सगळं सांभाळून घेतात आणि तो सुसाट मारतो. चेंडू आत आला की मात्र दार सताड उघडं. राजकोटला ऑक्टोबर २०१८मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध १५४ चेंडूंत १३४ धावा काढल्या, तेव्हाही हे दार उघडंच होतं. फक्त तिथून आत शिरणारा गोलंदाज समोर नव्हता.

भिवंडीच्या गोदामांच्या पट्ट्यात, वळ, पूर्णा, काल्हेर, दापोड्याकडे, सुगी आटोपली की टेनिस चेंडूच्या टुर्नामेंट लागतात. तिथल्या कप्तानाला हा प्रश्न दर रविवारी पडतो: पोरगा गुणी आहे, पण दोन मॅच झाल्या बॅट लागत नाही, अजून किती चान्स द्यायचे? मोजक्या ओव्हरांची मॅच, हरलं की घरी. अशा खेळात शेवटच्या मॅचवरून निकाल लावणं समजण्यासारखं आहे. अंजूरफाट्यावरून कामण-चिंचोटीचा रस्ता धरला की वसई-विरार, म्हणजे पृथ्वीचं गाव. त्यामुळे त्याच्याबद्दल या भागात सगळ्यांनाच मत आहे आणि मतं दोनच: ‘त्याच्यावर अन्याय झाला’ किंवा ‘त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला’. दोन्ही बाजू डाव मोजतात. एक म्हणते कमी मिळाले, दुसरी म्हणते पुष्कळ मिळाले. डाव मोजून हा प्रश्न सुटत नाही, असं माझं म्हणणं आहे. दोष कोणत्या जातीचा आहे आणि तो कुठे बरा होतो, हे आधी ठरवावं लागतं. काही दोष मैदानात उतरूनच जातात. दडपण, नवं वातावरण, नव्या दर्जाचा वेग यांना नेटमध्ये औषध नाही. काही दोष संघाबाहेर बसून, महिनोन्‌महिने एकाच गोष्टीवर घाम गाळल्याशिवाय जात नाहीत. आणि काहींचा बॅटशी संबंधच नसतो. पहिल्या प्रकारात संघानं मुलाची जागा राखावी, दुसऱ्यात जागा काढून घ्यावी पण मुलाला सोडू नये, आणि तिसऱ्यात जागा आणि साथ दोन्हींवर अट घालावी.

पहिल्या प्रकाराचा उत्तम दाखला पृथ्वीच्या जागी आलेला गिलच आहे. २०१८ साली न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा कप्तान पृथ्वी होता आणि उपकप्तान गिल. मार्च २०२३मध्ये अहमदाबादला गिलनं १२८ केल्या आणि त्यानंतर १२ कसोटी डावांत एकही अर्धशतक नाही. सर्वांत मोठी धावसंख्या ३६. मधल्या काळात तो सलामी सोडून तिसऱ्या क्रमांकावर गेला, तेही त्याच्याच मागणीवरून. म्हणजे काहीतरी बदलतंय, हे संघाला दिसत होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये विशाखापट्टणमला इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात ३४ आणि दुसऱ्यात १०४ झाल्या, आणि पुढच्याच वर्षी भारताचा कप्तान म्हणून त्यानं इंग्लंडच्या एका मालिकेत ७५४ धावा कुटल्या. नुसते डाव मोजले असते तर बाराव्या डावाच्या कितीतरी आधी तो घरी गेला असता. रोहित शर्माचंही तेच. २०१२मध्ये श्रीलंकेतल्या पाच एकदिवसीय डावांत मिळून त्याच्या १३ धावा झाल्या होत्या.

दुसऱ्या प्रकारासाठी खाडीपलीकडच्या डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेकडे बघावं. नोव्हेंबर २०११मध्ये तो कसोटी संघात निवडला गेला आणि पहिली कसोटी खेळला मार्च २०१३मध्ये. मधला सगळा काळ कसोटी संघात पाण्याच्या बाटल्या आणि नेट. पदार्पणात दिल्लीला धावा झाल्या ७ आणि १. लोकांनी नाकं मुरडली. तरी त्याच डिसेंबरात त्याला दक्षिण आफ्रिकेला नेलं आणि डर्बनला त्यानं नाबाद ५१ आणि ९६ केल्या. अकरात जागा नव्हती तेव्हाही रहाणे संघात होता, कसोटीच्या गोलंदाजांसमोर रोज सराव करत होता. अॅडलेडनंतर पृथ्वीला नेमकं हेच हवं होतं. मेलबर्नला त्याला बसवलं यात चूक नव्हती. गिल तयार होता आणि भारतानं ती मालिका २-१ अशी जिंकली. चूक पुढे झाली. पृथ्वी मुंबईला परतला, त्यानं विजय हजारे करंडकात ८२७ धावा केल्या, पुदुच्चेरीविरुद्ध नाबाद २२७, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, की झालं, पोरगा परतला. पण त्या धावांनी फट बुजली होती का? तेवढ्या दर्जाचा मारा तिथे नव्हताच, तर कळणार कसं? जानेवारी २०२३मध्ये आसामविरुद्ध ३७९ केल्यावरही हेच. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३नंतरची रणजीतली ती सर्वांत मोठी खेळी. भारताच्या टी-२० संघात नाव आलं, पण सामना एकही मिळाला नाही. धावा केल्या की कौतुक, नाही केल्या की शांतता, आणि दोन्ही वेळा त्या उघड्या दाराबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. याला सांभाळणं म्हणत नाहीत.

तिसरा प्रकार उघडपणे पुढे आला तो ऑक्टोबर २०२४मध्ये, आणि इथे मी मुंबईच्या बाजूनं आहे. रणजीच्या दोन सामन्यांत ७, १२, १ आणि नाबाद ३९, एवढ्यानंतर त्याला वगळलं. शेवटचा डाव नाबाद असताना, संघ जिंकलेला असताना. धावांच्या हिशेबानं हे अन्यायाचंच दिसेल, कारण चार डाव म्हणजे काहीच नव्हे, सलामीच्या कुठल्याही फलंदाजाला चार चांगले चेंडू पडू शकतात. पण निर्णय धावांवर झालाच नव्हता. फिटनेस आणि सरावातल्या ढिलाईच्या बातम्या तेव्हाच आल्या होत्या. डिसेंबरात मुंबईचा टी-२०चा कप्तान श्रेयस अय्यर जाहीरपणे म्हणाला, की कुणालाही कडेवर घेऊन फिरवता येणार नाही, ज्याचं त्यानं बघायचं. पुढच्या वर्षी पृथ्वीनंही एका मुलाखतीत चुकीची संगत आणि कमी झालेला सराव कबूल केला. अशा दोषावर आणखी डावांचा उतारा म्हणजे ताप आलेल्याला पंखा लावणं. योगायोग असा, की मेलबर्नला पृथ्वी बाहेर बसला तेव्हा भारताचा कप्तान रहाणे होता आणि या खेपेला मुंबईचाही तोच. पहिल्या वेळी दोष बॅटचा होता, दुसऱ्या वेळी दिनक्रमाचा. बाहेर बसवण्याची शिक्षा सारखीच दिसली तरी ती दोन वेगळी औषधं होती, हे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कुठेच आलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की गिल आणि रोहितची उदाहरणं देणं सोपं आहे. सांभाळूनही जे फुलले नाहीत त्यांची नावं कोण घेतो? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे दोन्ही बाजूंचे दाखले क्रिकेटबाहेरही मिळतात. अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. संघाचं आक्रमण त्याच्याच हातातून सुरू होतं, म्हणून तरुण क्वार्टरबॅकवरून तिकडे दर हंगामात हाणामारी चालते. पेटन मॅनिंगनं १९९८च्या पहिल्या हंगामात २८ वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला, इंडियानापोलिसचा संघ १६पैकी १३ सामने हरला. संघ त्याला चिकटून राहिला आणि पुढच्या हंगामात बरोबर उलट झालं, १३ विजय आणि ३ पराभव. ही गोष्ट सगळे सांगतात. न्यूयॉर्क जेट्सनं २०२१मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुसऱ्याच क्रमांकावर घेतलेल्या झॅक विल्सनला तीन हंगाम पाहिलं आणि शेवटी दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, ही गोष्ट कमी सांगितली जाते. म्हणूनच नुसता धीर पुरत नाही, धीर कशासाठी धरलाय ते माहीत लागतं. आपल्याकडे उलटंही झालेलं आहे. विनोद कांबळी १७ कसोट्यांत ५४.२०च्या सरासरीनं १,०८४ धावा करून, दोन द्विशतकं ठोकून, वयाच्या २३व्या वर्षी कसोटीतून कायमचा बाहेर गेला. वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्यापुढे तो अडखळला होता, म्हणजे तो दोष तंत्राचा होता. पण मुंबईत त्याची गोष्ट पोरांना सांगतात ती वागणुकीची म्हणून. वागणुकीचा शिक्का एकदा बसला की तंत्राकडे कुणी पाहत नाही. माझ्या निकषाचा गैरवापर इथेच होऊ शकतो, हे मान्य आहे, आणि त्यावर उपाय एकच: अट तोंडी, मोघम ठेवायची नाही. वजन किती, धाव किती वेळात, कोणत्या प्रशिक्षकाकडे किती आठवडे, पुन्हा पाहणी कधी, हे कागदावर, मुलाच्या हातात.

दुसरा आक्षेप रांगेतल्या मुलांचा. एकाला सांभाळायचं तर दुसऱ्यानं किती दिवस पाणी न्यायचं? मुंबईच्या बाबतीत हा प्रश्न फारच खरा आहे. पृथ्वीची मुंबईकडून शेवटची रणजी लढत महाराष्ट्राविरुद्ध बीकेसीला झाली. त्याच सामन्यात १७ वर्षांच्या आयुष म्हात्रेनं १७६ धावा केल्या. हाही विरारचाच. अशी पोरं दारात उभी असताना कुणाचीही जागा वडिलोपार्जित असू शकत नाही. म्हणून तर जागा आणि साथ या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. जागा एकच असते, ती जो आज चांगला त्याची. साथ देताना कुणाला बाहेर बसवावं लागत नाही. खर्च होतो तो एका प्रशिक्षकाच्या वेळेचा आणि थोड्या लक्षाचा.

आणि लक्ष द्यायची जबाबदारी संघाचीही होतीच, एवढंही पृथ्वीच्या टीकाकारांनी ऐकून घ्यावं. चार वर्षांचा असताना आई गेली, बापानं विरारहून लोकलनं मैदानावर नेलं, १४व्या वर्षी हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्डकडून ३३० चेंडूंत ५४६ केल्या आणि तिथपासून प्रत्येकानं त्याच्याकडून धावाच मागितल्या. २०१९मध्ये खोकल्याच्या औषधातून बंदी असलेला पदार्थ पोटात गेला म्हणून आठ महिन्यांची बंदी भोगली तेव्हा तो १९ वर्षांचा होता; औषध घेण्याआधी कुणाला फोन करायचा हे त्याच्या अंगवळणी पाडलेलं नव्हतं. दिल्ली कॅपिटल्सनं २०२२साठी त्याला साडेसात कोटींना राखलं. २०२३च्या आयपीएलमध्ये आठ सामन्यांत १०६ धावा, २०२४मध्ये आठ सामन्यांत १९८, आणि नोव्हेंबर २०२४च्या लिलावात ७५ लाखांना कुणी घेईना. आधी विनाअट कोटी आणि मग अचानक शून्य, यात विशीतल्या पोरानं नेमकं काय शिकायचं?

जुलै २०२५मध्ये तो महाराष्ट्राकडे गेला, ज्या संघाविरुद्ध मुंबईकडून शेवटची रणजी लढत खेळला त्याच संघाकडे. केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात ७५. पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध ८ आणि मग १५६ चेंडूंत २२२. ‘बघा, मुंबईनं हिरा घालवला’ असं लगेच लिहिलं गेलं. मला तसं वाटत नाही. मुंबईनं जागा काढून घेतली नसती तर तो हललाच नसता, ही शक्यताही तितकीच धरून चालायला हवी. शिवाय चंडीगडच्या माऱ्यापुढे २२२ म्हणजे पुदुच्चेरीपुढे नाबाद २२७च. त्या दाराची परीक्षा तिथे होत नाही. महाराष्ट्राला ती घ्यायची असेल तर गहुंजेच्या नेटमध्ये नव्या चेंडूनं, आत येणारे चेंडू टाकणारा गोलंदाज समोर उभा करून, कॅमेरा लावून, दर आठवड्याला घ्यावी लागेल आणि त्याचा हिशेब धावांच्या हिशेबापासून वेगळा ठेवावा लागेल. आणि मुंबईनं हाच हिशेब आयुष म्हात्रेसाठी आताच, त्याच्या धावा होत असतानाच सुरू करावा.