स्टीमवरचे रिव्ह्यू कसे वाचायचे? ‘इन्स्क्रिप्शन’ गेम आणि हरिहरेश्वरची ओहोटी

हॉरर आणि पत्ते हे दोन्ही आवडणाऱ्यांना ‘इन्स्क्रिप्शन’ हे नाव कधी ना कधी कानावर पडलेलंच असतं. स्टीमवर या गेमला प्रचंड चांगले रिव्ह्यू आहेत. तरीही त्यातच ‘अर्ध्यानंतर मजा गेली’ असं लिहिणारेही सापडतात. मग खरं कोणाचं? पैसे घालण्याआधी हे समजून घेऊया.

गेम आहे तरी काय?

कॅनडाच्या डॅनियल मलिन्सने बनवलेला हा गेम १९ ऑक्टोबर २०२१ रोजी पीसीवर आला. त्याचं मूळ आहे डिसेंबर २०१८ मधल्या ‘लुडम डेअर’ या गेम बनवण्याच्या स्पर्धेत. तिथला विषय होता ‘बळी द्यावाच लागेल’, आणि गेमचा मुख्य नियमही तोच राहिला.

हा ‘डेकबिल्डिंग’ प्रकारचा गेम आहे. म्हणजे सुरुवातीला हातात मोजके पत्ते असतात आणि खेळत जाल तसे नवे निवडून आपला संच तयार करायचा. इथे प्रत्येक पत्ता म्हणजे एक प्राणी. लांडगा उतरवायचा तर आधी मांडलेल्या दोन प्राण्यांचा बळी द्यायचा. खार मात्र फुकट मिळते, त्यामुळे बिचारीचाच नंबर आधी लागतो. टेबलावर तराजू असतो आणि त्यात वजनं म्हणून दात पडतात. पाच दातांच्या फरकाने तो समोरच्याकडे झुकला की तुम्ही जिंकलात. अगदीच अडलात तर पक्कड घेऊन स्वतःचा दात उपटायचा आणि तराजूत टाकायचा!

भीती कुठून येते?

अंधारी झोपडी, समोर फक्त दोन चमकणारे डोळे आणि बळी देताना कुरकुर करणारा पत्ता. अचानक किंचाळून दचकवणं इथे फारसं नाही. ‘तुंबाड’ (२०१८) पाहिला असेल तर लगेच कळेल: तिथे सतत कोसळणारा पाऊस आणि तो वाडाच निम्मं काम करतात. यालाच वातावरणातून तयार होणारा हॉरर म्हणतात.

मतं का फुटली?

पुढचं काही फोडत नाही, एवढंच सांगतो की झोपडीतला भाग म्हणजे अख्खा गेम नव्हे. पुढे गेमचं रूप आणि नियम दोन्ही बदलतात. एका गटाला झोपडीच हवी होती, त्यामुळे त्यांना पुढचा भाग फिका वाटतो. दुसरा गट म्हणतो, हा बदल हीच तर गेमची खरी कमाल. २०२२ मध्ये स्वतंत्र गेम्सच्या आयजीएफ सोहळ्याचं सर्वोच्च पारितोषिक आणि जीडीसीचा ‘गेम ऑफ द इयर’ हे दोन्ही याच गेमने जिंकले. पण पहिल्या गटाचंही ऐकलं गेलं: मार्च २०२२ मध्ये ‘केसीज मॉड’ नावाचा मोफत अपडेट आला, ज्यात झोपडीतले डाव पुन्हा पुन्हा खेळता येतात.

ओहोटी बघून गेलात का?

हरिहरेश्वरला गेलेल्या दोघांना विचारून बघा. ओहोटीला गेलेला सांगेल, डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरून कातळावरून प्रदक्षिणा झाली, भारी अनुभव! भरतीला गेलेला म्हणेल, देवळात दर्शन घेतलं आणि परत आलो. दोघंही खरं बोलतायत. फरक आहे तो वेळेचा.

गेमच्या रिव्ह्यूचंही तसंच. म्हणून या गोष्टी बघा:

१. टक्के म्हणजे मार्क नव्हेत. स्टीमवर फक्त ‘शिफारस करतो’ किंवा ‘करत नाही’ एवढाच पर्याय असतो. ९५ टक्के म्हणजे शंभरातल्या ९५ जणांनी शिफारस केली, १०० पैकी ९५ गुण नव्हेत.

२. खेळलेले तास बघा. ते प्रत्येक रिव्ह्यूसोबत दिसतात. तीन तासांवर लिहिलेलं कौतुक बहुधा झोपडीचंच असतं. तासांचा फिल्टर लावून दहा तासांपुढचे रिव्ह्यू वाचा.

३. रिफंडचा हिशोब ठेवा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर स्टीमवर पैसे परत मागता येतात. पण या गेमचा मोठा बदल बहुतेकांना दोन तासांनंतरच दिसतो. म्हणजे मतं जिथे फुटतात, तिथे पोचेपर्यंत रिफंडची वेळ निघून गेलेली असते. इथे रिव्ह्यू नीट वाचणं हाच तुमचा बचाव.

फोनवर खेळता येईल का?

गेम पीसीसोबत प्लेस्टेशन, स्विच आणि एक्सबॉक्सवर आला आहे. ‘इन्स्क्रिप्शन एपीके’ शोधून कुठल्याही साइटवरून फाइल उतरवू नका. अशा फाइलमधून फोनमध्ये मालवेअर शिरू शकतं, आणि त्याच फोनवर तुमचं यूपीआय असतं. घरी पीसीवर गेम असेल तर ‘स्टीम लिंक’ अ‍ॅपने तो फोनच्या स्क्रीनवर खेळता येतो. नाहीतर ‘स्ले द स्पायर’ आणि ‘बलात्रो’ हे डेकबिल्डिंग गेम्स अँड्रॉइड आणि आयफोनवर अधिकृतपणे मिळतात. त्यात हॉरर नाही, पण पत्त्यांचं गणित तिथेच पक्कं होईल.

थोडक्यात, फक्त झोपडीच हवी असेल तर ‘केसीज मॉड’ आहेच. आणि गेम मध्येच अंगावरची कात टाकतो ही कल्पनाच आवडली असेल, तर बिनधास्त घ्या. मात्र घेतल्यावर शेवटपर्यंत खेळा आणि मगच रिव्ह्यू लिहा.