गाडी ‘मिसिंग’ का करते?

तेल्हाऱ्याहून अकोटकडे निघालेली पेट्रोल कार वेग घेताना हिसके देऊ लागली की मिस्त्री म्हणतो, ‘मिसिंग आहे.’ म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. स्कॅनरवर ‘पी ०३०२’ हा कोड आला तर गडबड दुसऱ्या सिलिंडरात. कारण मात्र कोड सांगत नाही. म्हणून प्लगमध्ये ठिणगी पाडणारी कॉइल लगेच अकोल्याहून नवी मागवू नका. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्याची तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. आता ‘पी ०३०३’ आला? कॉइलच गेली. दोष जागीच राहिला तर आधी प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन तपासा. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याची महागडी जाळी वितळू शकते.