सवयीची वहिवाट

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हा निकाल आपल्याकडे इतक्या तत्परतेने सुनावला जातो की, रात्रीचे जागरण किंवा जेवणानंतरची तंबाखूची चिमूट सोडण्याचा मनोदय कोणी घरात प्रकट करावा आणि त्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत माजघरातून ही म्हण त्याच्या अंगावर यावी, असा परिपाठच आहे. वस्तुस्थिती मात्र म्हणीला अनुकूल नाही. व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपैकी शेकडा वीसांच्या आसपास हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्या अशा सैनिकांचा माग ली रॉबिन्स या विदुषीने काढला, तेव्हा पहिल्या वर्षात त्यांपैकी जेमतेम शेकडा पाच पुन्हा व्यसनाधीन झालेले आढळले. परतण्यापूर्वी त्यांपैकी काहींवर उपचार झाले होते हे खरे. पण उपचार घेऊन आपल्याच जुन्या गल्लीत परतणाऱ्या व्यसनींची गत याहून पुष्कळ वाईट होत असे. सैनिकांची गल्लीच बदलली होती.

दुसरा समज, नवी सवय एकवीस दिवसांत जडते हा. या मुदतीचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनाच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आरशातील नव्या चेहऱ्याला सरावण्यास रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात, एवढेच त्याचे निरीक्षण होते. त्यातील ‘किमान’ हा शब्द वाटेत कोठे गहाळ झाला, याची चौकशी कोणी केली नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडण्याचा मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतील तफावत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखाद्या दिवशी कसूर झाल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले; बाविसाव्या दिवशी स्वतःला गुन्हेगार ठरविणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

सर्वांत दृढ गैरसमज निश्चयाच्या बळाविषयीचा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात चित्रपटगृहातील प्रेक्षकांपैकी काहींना ताज्या, तर काहींना सात दिवसांच्या शिळ्या मक्याच्या लाह्या देण्यात आल्या. ज्यांना तेथे लाह्या खाण्याची सवय होती, त्यांनी शिळ्याही तितक्याच खाल्ल्या, आणि वर त्या आवडल्या नाहीत असेही सांगितले. अशाच सवयीची दुसरी माणसे सभेच्या खोलीत बसविली, किंवा चित्रपटगृहातच काहींना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावले, की जीभ जागी होई आणि शिळा घास मागे राही. सवय ही वहिवाटीसारखी असते. तिला कोणाचा हुकूम नसतो की दप्तरात नोंद नसते, रोज पाय पडले म्हणून वाट झालेली असते, आणि अशा वाटेशी रोज हुज्जत घालण्यापेक्षा तिच्यावर एकदा कुंपण घालणे सोयीचे.

माझाच हात पहाटे डोळे उघडण्याआधी उशीखाली मोबाइल चाचपीत असे, आणि शेजारच्या चहावर साय धरेपर्यंत चार अपघात, दोन घोटाळे व एका परिचिताचा परदेशप्रवास एवढे सारे उपाशीपोटी गिळून झालेले असे. निश्चय तीनदा केला, तीनदा मोडला. अखेर मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीतील कपाटात, जुन्या पावत्यांच्या डब्यात ठेवू लागलो. त्यानंतरही कित्येक दिवस हात उशीखाली जात राहिला आणि रिकामा परत येत राहिला.

राहता राहिले सुख. खोड सुटली की ते आपोआप दारात उभे राहते, ही समजूतही खरी नव्हे. प्रथम पदरी पडतो तो रिकामा वेळ, आणि त्यात मन भरकटते म्हणून तो बोचतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २,२५० माणसांना दिवसभरात अवचित प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा जवळजवळ निम्म्या वेळी मन हातातील कामावर नव्हते, आणि ते भरकटलेले असताना माणसे कमी सुखी होती, असे आढळले. तेव्हा मोठ्या आनंदाचा दावा मी करीत नाही. सकाळचा पहिला चहा मात्र आता गरम असतानाच संपतो.