चाकातली घूंघूं : नगर-सोलापूर रस्त्यावरची चार दशकं

नगरहून सोलापूरकडे निघालं की रुईछत्तिशी, घोगरगाव मागे टाकून मिरजगाव येतं. गाव कर्जत तालुक्यातलं, पण जीव महामार्गावर. त्यामुळे या रस्त्याने चार दशकांत कुठकुठल्या गाड्यांची चाकं खाल्ली, याचा हिशेब इथल्या गॅरेजांपुढच्या भंगारात सापडतो. गाड्या बदलल्या, रस्ता बदलला, ‘चाकातून आवाज येतोय’ ही तक्रार मात्र कायम राहिली. फरक पडला तो या आवाजामागचं चाकाचं बेरिंग अकाली जाण्याच्या कारणात.

ऐंशीच्या दशकात आवाज यायचा तो काळ्या-पिवळ्या जीपचा. पुढे कमांडर आणि ट्रॅक्स आल्या. त्यांच्या पुढच्या चाकात निमुळत्या रोलरचं बेरिंग असे. हेन्री टिमकेनने 1898 मध्ये पेटंट घेतलेली ती रचना : वाटी वेगळी, कोन वेगळा. म्हणजे चाक उतरवा, धुवा, ग्रीस भरा, पुन्हा बसवा. बेरिंगचं आयुष्य मेकॅनिकच्या मनगटावर असे. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग किंचित मागे घ्यायचा आणि पिन घालायची. नट जास्त आवळला तर हब तापून ग्रीस पातळ होई. ढिला राहिला तर चाक डुलायचं आणि रोलर कडेने खात जायचे. जिथे सात माणसं बसायची तिथे चौदा बसलेली, त्याचा भार वेगळाच.

त्यात ओढे. कर्जत तालुका अवर्षणाचा म्हणून ओळखला जातो, पण परतीचा पाऊस आला की सीनेकडे धावणारे ओढे रस्त्यावरून वाहतात. तापलेला हब गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. वरून काहीच दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी हब उघडावा तर ग्रीसचं चहाच्या रंगाचं पाणी झालेलं.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत लहान कार गावोगावी पोचल्या. त्यांच्याबरोबर हळूहळू दोन्ही बाजूंनी सीलबंद, ग्रीस भरूनच येणारं बेरिंग रुळलं. ग्रीसिंगची कटकट गेली, तसं मनगटाचं कसबही गेलं आणि त्याच्या जागी प्रेस आली. इथेच घोटाळा झाला, असं माझं ठाम मत आहे. बेरिंग नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या त्याच्या ओतीव घरात, बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर हवा आणि हब आत दाबताना आतल्या कड्याला आधार हवा. जोर चुकीच्या कड्यावर आला की तो छर्र्यांतून जातो आणि छर्रे धावेत, म्हणजे ते फिरतात त्या खोबणीत, खळगे पाडतात. हातोडीने ठोकून बसवलेल्या बेरिंगचं तेच. गाडी गॅरेजबाहेर पडताना गप्प असते. काही हजार किलोमीटरवर घूंघूं सुरू होते आणि ठपका बसतो कंपनीवर, नाहीतर ‘माल डुप्लिकेट’ म्हणून दुकानदारावर. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण प्रत्येक वेळी तोच गुन्हेगार नसतो.

आणि खुणा दिसल्या म्हणजे दर वेळी कोणी ठोकलंच असेल असंही नाही. बेरिंग न धावताही मरतं, ही गोष्ट तर अमेरिकेत 1930च्या दशकात कळली. डेट्रॉइटहून रेल्वेने पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारी मुक्कामी पोचायच्या त्या चाकांची बेरिंग खराब होऊनच. गाडी जागेवर उभी, पण डब्याच्या हादऱ्यांनी छर्रे एकाच जागी थरथरत राहायचे, तिथलं ग्रीस बाजूला सरायचं आणि धाव झिजायची. खुणा ठोकल्यासारख्या दिसत, पण ठोकलेलं कोणी नव्हतं.

मिरजगावचा पुढचा अध्याय रस्त्याचाच आहे. नगर ते करमाळा पट्ट्याचं चौपदरीकरण सुरू होतं तेव्हा वळणरस्ते, मुरूम, धूळ, आणि पाऊस पडला की काळ्या मातीचा राडा. त्याच सुमारास तरुण मालकांनी रुंद टायर, अलॉय चाकं आणि चाक बाहेर काढणारे स्पेसर बसवायला घेतले होते. चाक बाहेर सरकलं की वजनाची रेघ बेरिंगच्या मध्यावरून ढळते आणि प्रत्येक खड्डा तरफेसारखा काम करतो. गाडी रुबाबदार दिसते हे खरं. तो रुबाब बेरिंगच्या जिवावर असतो.

आता रस्ता गुळगुळीत झालाय, वेग वाढलाय आणि पूर्वी खडखडाटात बुडणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. म्हणून घाईने बेरिंग बदलणंही वाढलं. खरं तर ओळखायची रीत जुनीच आहे. साठच्या वेगात गाडी न्यूट्रल करून बघा : इंजिन उतरलं तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकांकडचा. डांबर बदललं की आवाज बदलत असेल तर आधी टायरवर हात फिरवा, नक्षी चढउताराची लागते का पाहा. मोकळ्या रस्त्यावर उजवीकडे लांब वळण घेताना घूंघूं वाढली तर संशय बहुधा डाव्या चाकावर, कारण भार तिकडे जातो. वळताना कटकट वाजत असेल तर तो ॲक्सलचा जॉइंट, बेरिंग नव्हे. मग गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं की खरखर बोटांना कळते, कानांच्या आधी.

2019 पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, तशी आणखी एक भानगड वाढली. बऱ्याच बेरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय कडी असते आणि सेन्सर तीवरून चाकाचा वेग मोजतो. असं बेरिंग उलटं दाबलं की चाक फिरतं, पण डॅशबोर्डवर दिवा पेटतो.

एकाच चाकाचं बेरिंग दुसऱ्यांदा गेलं, तर तिसरं आणायच्या आधी थांबा. नकलचं भोक मोठं किंवा लंबगोल झालंय का, हब वाकलाय का, ॲक्सलचा नट टॉर्क पान्याने आवळला होता का, हे विचारा. आणि काढलेलं बेरिंग तिथेच टाकून येऊ नका, मागून घ्या, फोडून बघा. निळसर-काळं पडलं असेल तर ते तापलेलं. तांबूस गंज असेल तर पाणी. छर्र्यांमध्ये असतं तितक्याच अंतराने खळगे असतील तर ठोकाठोक किंवा मोठा खड्डा. धावेच्या एकाच बाजूला पापुद्रे निघाले असतील तर बैठक तिरकी असू शकते. नवं बेरिंग त्यानंतर विकत घ्या.