औषधाआधी नाते

वाचकहो, घरात वडीलधारे माणूस आजारी असले की डॉक्टरांच्या कानावर दोन तक्रारी हमखास येतात. मुलगा किंवा सून म्हणते, "डॉक्टरसाहेब, कितीही सांगा, ऐकतच नाहीत. तुम्हीच जरा रागवा." मंडळी बाहेर गेली की तेच वडीलधारे माणूस हळूच म्हणते, "सांगायला सगळे आहेत, बोलायला कुणी नाही." वालूरसारख्या गावात अनेक वर्षे वैद्यकी केल्यावर माझी खात्री झाली आहे, की या दोन तक्रारी वस्तुतः एकच आहेत. जिथे बोलणे थांबते, तिथे सांगणेही निष्फळ होते.

हा प्रश्न केवळ घरातील गोडव्याचा नाही. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे 'आता बरे वाटते' म्हणून गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात. त्याची किंमत कधी पक्षाघाताच्या, कधी हृदयविकाराच्या रूपाने मोजावी लागते. मधुमेहाचे पथ्य, तंबाखू सोडणे, काठी हातात घेणे, कानाचे यंत्र लावणे या गोष्टी चिठ्ठी लिहून होत नाहीत. त्यासाठी एका माणसाने दुसऱ्याला सोबत न्यावे लागते. आणि माणूस जातो तो विश्वासाच्या माणसामागे. हुकूम करणाऱ्यामागे नव्हे.

जामखेडने घालून दिलेला धडा

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या दोघांना मोठ्या शहरात सुखाने व्यवसाय करता आला असता. त्यांनी निवडला तो कायमचा अवर्षणग्रस्त भाग.

गावकऱ्यांना काय हवे, हे त्यांनी विचारले, तेव्हा दवाखान्याचे नाव पहिले आले नाही. पाणी आणि अन्न ही लोकांची पहिली गरज होती. पुढे १९७२ च्या दुष्काळाने ती अधिकच उघडी पाडली. डॉक्टर असूनही आरोळ्यांनी ती गरज आपली मानली. पाण्याच्या व शेतीच्या कामात लोकांबरोबर उभे राहिले. निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र यावीत म्हणून व्हॉलीबॉलसारख्या खेळाचाही त्यांनी उपयोग केला. औषधाचा विषय त्यानंतर रुजला.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा. आरंभी त्यांनी गावांत प्रशिक्षित परिचारिका नेमल्या. त्या शिकलेल्या होत्या, परंतु गावाला परक्या होत्या आणि त्यांचे सांगणे गावात फारसे रुजेना. मग गावातीलच स्त्रिया निवडण्याचे ठरले. त्यांतील बहुतेक निरक्षर, अनेक दलित समाजातील. त्या जामखेडला येऊन शिकत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि गावी परतून घरोघरी जात. कोणत्या घरी सून गरोदर आहे, कोणाच्या चुलीवर आज काही शिजले नाही, हे त्यांना ठाऊक असे. ज्ञान परिचारिकांपाशी अधिक होते. नाते या बायकांपाशी होते. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९९ पर्यंत हा आकडा २६ वर आला. लसी, स्वच्छ पाणी, पोषण ही त्याची कारणे होतीच; पण ती उंबऱ्याच्या आत नेली ती ओळखीच्या माणसांनी. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही हीच वाट धरली. आदिवासींना आपले वाटेल असे रुग्णालय हवे, म्हणून ते त्यांच्या घरांसारखे बांधले आणि त्याला त्यांच्या माँ दंतेश्वरी देवीचे नाव दिले. गावातल्याच आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. त्यातून बालमृत्यू किती घटले, याचा शोधनिबंध १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हीच रीत आपल्या घरात

आपण म्हणाल, गाव कुठे आणि आमचे तीन खोल्यांचे घर कुठे! परंतु सूत्र तेच आहे. शुश्रूषा करणारा माणूस हा त्या घराचा आरोग्यदूतच असतो. त्याच्यासाठी काही गोष्टी सुचवतो.

पहिली, आधी विचारा, मग सांगा. "गोळी घेतली का?" या प्रश्नाने दिवस सुरू करू नका. "रात्री झोप कशी लागली?" असे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. गोळी नाकारण्यामागे बहुधा कारण असते: पोटात जळजळते, वारंवार लघवीला उठावे लागते, मुलाच्या खर्चाचा संकोच वाटतो. कारण कळले की डॉक्टरांना वेळ किंवा औषध बदलता येते. न सांगता अन्नात गोळी कुस्करून मात्र देऊ नका. काही गोळ्या कुस्करायच्याच नसतात. शिवाय एकदा ती फसवणूक उमगली की विश्वास परत मिळवणे अवघड असते.

दुसरी, समोर बसून बोला. ज्यांना आपण हट्टी म्हणतो, त्यांतील कित्येकांना नीट ऐकूच येत नसते. पाठमोरे किंवा दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगितलेले त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. उजेडात, समोरासमोर, सावकाश बोला आणि कान तपासून घ्या.

तिसरी, स्वतः सोबत करा. "चालायला जा" यापेक्षा "चला, मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येऊ" हे वाक्य अधिक गुणकारी आहे. पथ्याचे ताट एकट्या आजोबांपुढे वाढण्याऐवजी घराचाच स्वयंपाक कमी मिठाचा आणि कमी तेलाचा केला, तर पथ्य ही शिक्षा राहत नाही.

चौथी, निर्णयात त्यांना वाटा द्या. कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, फिरायला केव्हा निघायचे, हे त्यांना ठरवू द्या. डॉक्टरांपुढे त्यांच्या वतीने आपणच सारे बोलू नका.

पाचवी, परगावच्या भावंडांसाठी. पुण्याहून फोनवर "आईला हे देऊ नका" असे बजावण्याआधी तिच्याजवळ राहणाऱ्या माणसाची विचारपूस करा. चार दिवस येऊन राहा आणि त्याला विश्रांती द्या. सूचना करण्याचा अधिकार अशा सोबतीतून येतो.

ज्येष्ठांसाठी दोन शब्द

ज्येष्ठ वाचकहो, सोबत नेण्याचे हे काम केवळ तरुणांचे नाही. आपल्या वाड्यातील, गल्लीतील समवयस्क माणसाने गोळ्या सोडल्या असतील, तर माझ्यापेक्षा आपले बोलणे त्याला लवकर पटेल. पारावर रोज भेटणारा मित्र दोन दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी डोकावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहांपैकी एका माणसाला एकटेपणा ग्रासतो आणि त्याचा परिणाम हृदयावर, मेंदूवर आणि आयुर्मानावरही होतो. आपली एक फेरी हेही औषधच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. नात्याने सर्व काही साधत नाही. नेहमीचे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागले, गुंगीत राहू लागले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, तर समजूत घालत बसू नका. तत्काळ रुग्णालय गाठा. अचानक बदललेला स्वभाव हा अनेकदा हट्ट नसून जंतुसंसर्ग, शरीरातील क्षारांचा बिघाड किंवा मेंदूचा आजार असतो. आठवडेच्या आठवडे उदासी, अन्नावरून वासना उडणे, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणे, यांवरही उपचार आहेत. त्यासाठी डॉक्टरांना भेटा.

आमच्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहायला लांबून माणसे येतात. अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी श्रमदानाने ती स्वच्छ केली. असे काम नुसत्या फर्मानाने होत नाही. कोणीतरी आधी पायऱ्या उतरतो, घमेले उचलतो आणि शेजाऱ्याला नावाने हाक मारतो, तेव्हा ते होते. घरातील आजारपणातही पहिली पायरी आपणच उतरायची असते. आज संध्याकाळी गोळ्यांचा डबा हाती देण्यापूर्वी दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा. दूरचित्रवाणी बंद, भ्रमणध्वनी बाजूला. त्या वेळात आजाराचा विषय काढू नका. असे आठ दिवस करून पाहा आणि मगच ठरवा, ते खरोखर ऐकत नाहीत का.